उघडी राहिलेली हाक

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचते. डेपोच्या रेस्टरूममध्ये चहा पिता पिता मी ते मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मग चर्चा व्हायची, की या भुताला फुल तिकीट फाडायचं की हाफ. त्यामुळे आज मीच लिहायला बसले म्हटल्यावर आमचे लोक काय म्हणतील ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणू देत. आजवर मी इथे लिहिणाऱ्यांना पुष्कळ हसले, आता लोक मला हसतील.

मी लाल गाडीवर कंडक्टर आहे. चंद्रपूर–गोंडपिपरी हा माझा नेहमीचा रूट. माहेर कुरखेड्याच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेलं एक लहान गाव. आमचं घर बौद्ध. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली बावीस प्रतिज्ञा, आणि घरात भूतखेत, अंगात येणं, उतारा यातलं काही म्हणजे काही चालायचं नाही. बाबा शेतमजूर होते, पण भारी खट. गावात कोणाच्या अंगात आलं की ते आम्हा भावंडांना मुद्दाम बघायला न्यायचे आणि घुमणाऱ्याला हात जोडून विचारायचे, "देवा, यंदा धानाले भाव काय भेटन, तेवढं सांगून दे ना." देव लगेच शांत व्हायचा. अशा घरात वाढलेली मी. अंधाराला भ्यायले नाही, स्मशानाला भ्यायले नाही. माणसांना भ्यायले असेन, ते वेगळं.

पुढचं कळायचं तर आधी आमच्याकडची एक पद्धत सांगावी लागेल.

उन्हाळा लागला की आमच्या जंगलात मोह गळतो. बाया टोपल्या घेऊन उजाडता उजाडता निघतात आणि आपापल्या झाडाखाली फुलं वेचतात. मोहाला अस्वल येतं, आणि वाघ तर आमच्या भागात कुठेही असतो. वेचणारी बाई खाली वाकलेली, तिचं ध्यान जमिनीकडे. म्हणून बाया वेचता वेचता एकमेकींना हाक देत राहतात. जंगलात नाव घेत नाहीत, नुसतं "कूऽऽऽ". ही हाक चढती असते, खालून वर जाते. ऐकणारीने जे उत्तर द्यायचं त्याला "ओ" म्हणतात, तिचा सूर मात्र उतरता, वरून खाली. त्यामुळे कितीही लांबून आवाज आला तरी कळतं, की ही बाई हाक मारते आहे की कोणाच्या हाकेला ओ देते आहे. ज्या बाईला भीती वाटते ती हाक मारते. बाकीच्या ओ देतात. एवढंच.

मला हे शिकवलं पारबताबाईने. ती आमच्या घरामागे राहायची. गोंड समाजाची, माझ्यापेक्षा बरीच मोठी, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. आईची कंबर धरली तेव्हापासून मी मोहाला पारबताबाईबरोबर जाऊ लागले. पहिल्याच दिवशी तिने कायदे सांगितले.

"आयक, जंगलात भांडण नाई, अबोला नाई. हाक आयकली का ओ द्याची. तोंडात घास असन तं थुकून दे, पन ओ दे. आन् कोनाची हाक उघडी टाकून घरी याचं नाई."

उघडी हाक म्हणजे जिला ओ मिळाली नाही ती. हाक उघडी राहिली की सगळ्या बाया टोपल्या टाकून त्या दिशेने जायच्या, मग कोणाचा कितीही मोह खाली पडलेला असो.

पारबताबाईची स्वतःची हाक लाखात ओळखू यायची. चढता चढता मधेच फाटायची आणि मग पुन्हा जुळायची, नुकत्याच आरवायला शिकलेल्या कोंबड्यासारखी. आम्ही पोरी तिची नक्कल करायचो. तिच्याएवढी सुरेख फाटलेली हाक आमच्यातल्या एकीलाही जमली नाही.

पुढे मी शिकले, नोकरीला लागले, लग्न केलं. नवरा आहे, वर्ध्याला असतो, दुसऱ्या संसारात. मूल नाही. आई-बाबा गेले, गावातलं घर पडलं, भाऊ पुण्याला. पारबताबाईला भेटून बरीच वर्षं झाली होती. चंद्रपूर, गडचिरोली, आरमोरी, वडसा, कुरखेडा करत जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, आणि सुट्टीच्या दिवशी पुन्हा गाडीत बसायचा कंडक्टरला किती कंटाळा येतो ते दुसऱ्या कंडक्टरलाच कळेल.

तर आता दुखण्याकडे येते.

सुरुवात साध्या खोकल्याने झाली. संध्याकाळी अंगात कणकण, डाव्या बाजूला कुशीत दुखायचं. मी मेडिकलमधून गोळ्या घ्यायची आणि ड्युटीवर जायची. मग हळूहळू दम लागायला लागला. शाळेची पोरं चढली की "मागे सरका, मागे सरका" एवढं म्हणतानाही मधे थांबावं लागायचं. एक दिवस गोंडपिपरीला गाडी मागे घेताना शिट्टी वाजवायला गेले, तर नुसती हवा फुसकन निघाली. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, शिट्टी पंक्चर की तुम्ही?" मी हसले. पण त्या रात्री आडवं होता येईना, बसूनच झोपले.

एक्स-रे काढला तर डावी छाती खालून अर्धी पांढरी. पू झाला होता. तपासणीत टीबी निघाला. बरगड्यांमधून नळी घालून पू काढला, टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, ताप उतरला, वजन थोडं वाढलं. पण दम काही जाईना. पांढरं तसंच.

डेपोत मात्र बातमी माझ्या आधी पोहोचली. कोणी वाईट वागलं नाही, हो. फक्त माझा ग्लास वेगळा झाला. डब्याच्या वेळी माझ्या बाकावर जागा भरपूर असायची. गोळ्या सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर मी कोणाला लागण देऊ शकत नव्हते, डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं, पण लिहिलेलं वाचून भीती कुठे जाते? ज्या बाईच्या गाडीत दिवसभर माणसं खेटून उभी असायची, तिच्या शेजारी कोणी बसेना. मला त्याचं फार लागलं. आजही लागतं.

मग सीटी स्कॅन झाला आणि नागपूरहून चंद्रपूरला ऑपरेशनांसाठी येणाऱ्या एका छातीच्या सर्जनकडे मला पाठवलं. शांत माणूस. त्यांनी फिल्म उजेडाला धरून दाखवली.

"हा पू बरेच दिवस आत राहिला ना, त्याची फुप्फुसावर जाड साल तयार झाली आहे. आतलं फुप्फुस चांगलं आहे. पण त्याला फुगताच येत नाही. गोळ्यांनी जंतू मरतील, साल जाणार नाही. ती छाती उघडून सोलून काढावी लागेल."

"सोलून? संत्र्यासारखी?"

"संत्र्याची साल सुटते तरी. ही चिकटलेली असते. हळूहळू काढायची, फुप्फुस न फाडता. वेळ लागतो."

याला डिकॉर्टिकेशन म्हणतात. मला तो शब्द पाठ व्हायलाच दोन दिवस लागले. भाऊ पुण्याहून आला, सही केली, ऑपरेशन होईपर्यंत बाहेर बसला, मी शुद्धीवर आल्यावर माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिसऱ्या दिवशी गेला. त्याची नोकरी, त्याची पोरं. मी त्याला दोष देत नाही. पण तो वॉर्डच्या दारातून बाहेर पडला तेव्हा मी चेहरा भिंतीकडे केला होता.

आता ऑपरेशननंतरचं सांगते, कारण खरी गोम तिथेच आहे. छातीतून दोन नळ्या निघायच्या आणि पलंगाखालच्या दोन बाटल्यांत जायच्या. बाटल्यांत पाणी. श्वास घेतला की पाणी नळीत वर चढायचं, सोडला की उतरायचं, खोकलं की बुडबुडे. डॉक्टर रोज वाकून त्या बाटल्याच आधी बघायचे, मग माझ्याकडे. साल निघाली होती. फुप्फुसाचा वरचा भाग उघडला होता. पण खालचा भाग तसाच मिटून बसला होता.

"माझं काम झालं, आता तुमचं," ते म्हणाले. "खोल श्वास घ्या, खोकला, बोला, गाणं म्हणा, काहीही करा, पण ते फुगलं पाहिजे. मोकळी जागा राहिली तर तिथे पुन्हा पू होईल. मग परत ऑपरेशन, आणि त्यातही नाही जमलं तर बरगड्या काढून छातीच खाली बसवावी लागते. तिथपर्यंत जायचं नाहीये आपल्याला."

एक प्लास्टिकचं खेळणं दिलं होतं, तीन रंगीत गोळ्यांचं. नळीतून श्वास ओढायचा आणि गोळ्या उचलायच्या. माझी एकच गोळी उचलली जायची, तीही अर्धी, आणि तेवढ्यात कुशीत सुरी फिरवल्यासारखी कळ यायची. शेजारच्या पलंगावरच्या आजीने दुसऱ्या दिवसापासून दोन गोळ्या उचलल्या. तिला दमा होता, वय माझ्या आईएवढं. ती दर वेळी माझ्याकडे बघून हसायची. मी चौथ्या-पाचव्या दिवशी ते खेळणं उशीखाली सारलं.

कळ हे कारण होतंच. पण दुसरंही होतं. गोळी उचलायची ती कोणाला दाखवायला? आजीची सून रोज डबा घेऊन यायची आणि आजी तिला गोळ्या उचलून दाखवायची. माझ्याकडे यायला कोणी नव्हतं. फोन वाजायचा तो मोबाइल कंपनीच्या जाहिरातीचा. मला वाटायला लागलं, नाही उघडलं फुप्फुस तर न उघडो. एका बाईला एवढ्या हवेची गरज तरी काय? मरायचं वगैरे काही मनात नव्हतं. फक्त कंटाळा. स्वतःचा कंटाळा.

अशात चौदा एप्रिल आला. जयंती.

दर वर्षी मी त्या दिवशी पांढरी साडी नेसून मिरवणुकीत असते. त्या वर्षी पाठीला उशी लावून पडले होते. सुट्टीमुळे वॉर्ड रिकामा, व्यायाम करून घेणारी मॅडम सुट्टीवर, ज्यांना शक्य ते पेशंट घरी गेलेले. सकाळी सिस्टरने बुंदी आणून दिली आणि "जयभीम ताई" म्हणाली, तेवढंच त्या दिवसाचं बोलणं. सकाळच्या राऊंडला डॉक्टर सांगून गेले होते की उद्या एक्स-रे काढू, आणि खालचा भाग तसाच असेल तर परत ऑपरेशनचं बघावं लागेल. मी मान हलवली. हरकत घ्यायलाही दम लागतो.

दुपार. पंखा गरगरतोय, आजी घोरतेय. माझी खिडकी मागच्या बाजूला उघडायची. तिथे एक कडुलिंब, जनरेटरची खोली आणि कंपाउंडची भिंत. भिंतीपलीकडे गोडाऊन. जंगल नाही, माळरानसुद्धा नाही.

आणि हाक आली.

आधी वाटलं कोकिळा. एप्रिलात कोकिळा ओरडणारच. मी डोळे मिटले. पुन्हा आली — "कूऽऽऽ" — खालून वर चढत गेली, मधे फाटली, पुन्हा जुळली.

मी उठून बसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा कोणाच्या मदतीशिवाय उठून बसले, हे मला नंतर लक्षात आलं.

तुम्ही म्हणाल विचार केला नाही का? नाही केला. विचार करायला वेळच नसतो तिथे. हाक आली की ओ द्यायची, तोंडात घास असला तरी. हे इतकं लहानपणी अंगात मुरलेलं आहे की मी श्वास ओढला, जेवढा ओढता आला तेवढा, आणि वरून खाली ओ सोडली. अर्ध्यात तुटली. कुशीत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. खाली बाटलीत भडभड बुडबुडे आले.

क्षणभर काही नाही. आणि मग पुन्हा हाक. तिला माझी ओ पोहोचली नव्हती!

मी कुशीला उशी दाबून धरली, खोकले, पुन्हा श्वास ओढला. या वेळी ओ पूर्ण गेली. आजी जागी झाली.

"कोनाले आवाज देऊन राह्यली वो बाई?"

"आजी, तुम्हाला ऐकू नाही आली? हाक?"

"कोकिळा वरडत असन. झोप आता, मले बी झोपू दे."

सिस्टर धावत आली. मी म्हटलं, कोणी तरी हाक मारतंय. तिने खिडकीतून वाकून बघितलं, कोणी नव्हतं. माझ्याकडे बघितलं, मग बाटलीकडे. "ओरडा, ओरडा," म्हणाली, "सरांनी सांगितलंच आहे." तिला आनंदच झाला होता.

दुपारभर ते चाललं. हाक यायची, मी ओ द्यायची. कधी लागोपाठ, कधी एवढा वेळ मधे जायचा की मी खिडकीकडे बघत बसायची आणि छातीत धडधडायचं. हो, भीती वाटत होती, पण भुताची नाही. हाक थांबेल याची भीती वाटत होती. किती दिवसांनी कोणी तरी मला विचारत होतं, आहेस का? आणि मी सांगत होते, आहे. आहे. मी रडत होते आणि ओ देत होते, आणि बाटलीत काळपट गाठी उतरत होत्या.

उन्हं उतरली तशी हाक बारीक होत गेली. संध्याकाळी लांबून मिरवणुकीचे ढोल ऐकू यायला लागले. त्या ढोलांच्या आत, अगदी पुसट, एकदा शेवटची आली. मी होता नव्हता तेवढा श्वास गोळा करून ओ दिली. त्यानंतर काही नाही. पण शेवटची ओ माझी होती. हाक उघडी राहिली नव्हती. मी आडवी झाले आणि लहान मुलासारखी झोपले.

सकाळच्या एक्स-रेत डावी छाती खालपर्यंत काळी दिसत होती. काळं म्हणजे हवा, म्हणजे चांगलं. डॉक्टर फिल्म बघून हसले, पहिल्यांदाच. "काय केलंत एका दिवसात?" मी म्हटलं, ओरडले. ते म्हणाले, "बरोबर. खोल श्वास घेऊन ओरडलं की आतून दाब येतो, अडकलेल्या गाठी निघतात, फुप्फुस उघडतं. त्यात नवल नाही."

त्यात नवल नाही हे मलाही मान्य आहे. हाकेचं काय, ते मी त्यांना विचारलं नाही. वेदनाशामक औषधं, एकटेपणा, अंगात थोडा ताप — मीच माझी समजूत घातली. बाबांची मुलगी आहे मी. नळ्या निघाल्या, टाके निघाले, मी घरी आले आणि तो विषय बंद केला.

जून लागायच्या आत, ड्युटीवर जाण्याआधी, एकदा गावाला जाऊन यावं असं वाटलं. पॅसेंजर म्हणून खिडकीशी बसून गेले. हवा तोंडावर घेत, कुरखेड्यापर्यंत. पुढे एका मोटारसायकलवर.

पारबताबाई अंगणात मांडवाखाली बाजेवर पडलेली होती. केस पांढरे, अंग निम्म्यावर आलेलं, डाव्या मांडीला पट्टा. मला बघून तिला जराही आश्चर्य वाटलं नाही.

"आली का? बस. दम लागते का वो अजून?"

 माझ्या दुखण्याचं गावात कोणालाच माहीत नव्हतं. भावाने टीबीचं नाव बाहेर काढू नकोस म्हणून मला बजावलं होतं, तो कशाला सांगतोय?

"तुले कोनं सांगतलं बाई?" गावात पाय ठेवला की माझी जीभही गावची होते.

"सांगाले कायले पायजे? तुहा आवाजच तसा होता. तुटून राह्यला होता. मी म्हनलं, पोरीच्या छातीत काईतरी झालं."

"कोनता आवाज?"

मग तिने सांगितलं. जयंतीला अख्खं गाव कुरखेड्याला गेलं होतं, तिचा भाचाही. मोहाचा शेवटचा बार चालू होता, म्हणून ही एकटीच जंगलात गेली. अस्वल समोर आलं. ही पळाली ती नाल्यात, दगडांवर पडली आणि मांडीचं हाड मोडलं. अस्वल निघून गेलं. ही तिथेच.

"मंग तूनं हाका मारल्या," मी म्हटलं. "मी आयकल्या बाई. चंद्रपुरात आयकल्या. मी ओ देत होती दिवसभर!"

पारबताबाईने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहानपणी कच्ची चारं, म्हणजे चारोळीची फळं, तोडून आणली की बघायची.

"काऊन उलटं सांगून राह्यली? हाक तूनं मारली. ओ म्या देली."

"नाई बाई. हाक तुही होती. चढती. मधात फाटली."

"मले चढती-उतरती कळत नाई का आता? चढती होती, आन् तुही होती. मी तं चुप पडून होती वो. हाक कोनाले मारू? सारं गाव जयंतीले गेलं. आन् घरी तरी कोन हाय माह्या वाटेवर डोळे लावून? म्हनलं, मराचंच हाय तं इथी काय न् घरी काय. डोळे लावून घेतले होते." तिने पाण्याचा घोट घेतला. "तेवढ्यात तुही हाक आली. म्हनलं, थे पोरगी इथी कुठी? पन हाक हाय तं ओ द्या लागन. उघडी कशी ठेवू? पडल्या पडल्या देत राह्यली. दिवस बुडता बुडता पोरं जयंतीहून आले, मी घरी नाई म्हनून पाह्याले निंगाले. माही ओ आयकली म्हनून भेटली मी त्याईले. नाईतं त्या नाल्याकडं कोन येते?"

आम्ही दोघी भांडलो. खरंच भांडलो, चहा निवेपर्यंत. ती म्हणे हाक तुझी, मी म्हणे तुझी. भाचा दारात उभा राहून ऐकत होता. मी त्याला विचारलं, तुम्ही जंगलात किती आवाज ऐकले? तो म्हणाला, एकच, मामीचा. चढता की उतरता, ते त्याला सांगता येईना. नव्या पोरांना ते कळत नाही. चंद्रपूरच्या आजीला विचारावं तर तिचा नंबर मी घेतलेला नव्हता.

निघताना पारबताबाई म्हणाली, "जाऊ दे. कोनाची का असंना. उघडी तं नाई राह्यली."

माझ्याकडे याचं काही स्पष्टीकरण नाही. दोन बाया, मधे दिवसभराची वाट, दोघी एकाच दुपारी गप्प पडायला तयार झालेल्या. दोघींनी ओ दिली. मग हाक कोणी मारली? मी पुष्कळ डोकं लावलं. बाबा असते तर म्हणाले असते, योगायोग. असेल. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी हसणार नाही.

पण माझा खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि त्यासाठीच लिहायला बसले.

पारबताबाई त्याच वर्षी पाऊस उघडताना गेली. ताप आला, दोन दिवसांत संपली. भाच्याचा फोन मला सगळं आटोपल्यावर आला, त्याला माझा नंबर शोधायला वेळ लागला म्हणे. त्याने दिवस सांगितला तसा मी तो आठवून बघितला. मी गोंडपिपरीच्या गाडीवर होते. गाडी निम्मी रिकामी होती, खिडक्या उघड्या होत्या, बाहेर धान उभं होतं. कोणी बोलतसुद्धा नव्हतं. काही ऐकू येण्यासारखा दिवस असतो ना, अगदी तसा दिवस. मला काहीही ऐकू आलं नाही. एक पुसटशीही हाक नाही. तिने मारली नाही, की मारली आणि माझ्यापर्यंत आली नाही, ते आता कोणाला विचारू?

यंदा मोह गळायला लागला तेव्हा सुट्टी टाकून गेले. पारबताबाईचं झाड आता कोणी वेचत नाही, खाली फुलांचा सडा तसाच पडून होता, वास येत होता. डॉक्टर म्हणतात माझी दोन्ही फुप्फुसं आता सारखी भरतात. खरं आहे. मी झाडाखाली उभी राहिले, पूर्ण श्वास घेतला, कुठेही कळ आली नाही, आणि हाक मारली. चढती, लांब, मधे न तुटलेली.

मग थांबले. पुन्हा मारली. पुन्हा थांबले.

हाक उघडी टाकून घरी यायचं नाही, असा कायदा आहे. ऊन डोक्यावर आलं, परतीच्या गाडीची वेळ झाली. मी आले.